धार मोडलेली सुरी

जयाबाई भित्र्या आहेत असं निपाणीत कुणी म्हणालं, तर त्या माणसाला आमच्या गल्लीतलं ओ की ठो ठाऊक नाही असं खुशाल समजा. मारुतीराव तंबाखूच्या वखारीत कामाला होते. ते अचानक गेले तेव्हा लेक माधवी अजून शाळेत होती. ह्या बाईनं विड्या वळून तिला शिकवलं, मास्तरीण केलं, बेळगावात चांगल्या घरी दिलं. भाऊबंद जागेवरून भांडायला आले तेव्हा दारात उभं राहून त्यांना असं झाडलं, की परत कुणी त्या बाजूला फिरकलं नाही. तर अशी ही बाई. आणि हल्ली सकाळी उठून स्वयंपाकघरात पाऊल टाकलं, ओट्यावर नजर गेली, की त्या घाबरून मागं सरायच्या. कशानं म्हणाल, तर भाजी चिरायच्या सुरीनं. हसू नका. त्या सुरीवर त्यांचं घर टांगलेलं होतं.

झालं होतं असं. मागच्या हिवाळ्यात जयाबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. गुडघे नवे मिळाले, पण डॉक्टरांनी बजावलं, की आता जमिनीवर बसणं बंद. मांडी नाही, उकिडवं नाही, पाट नाही.

"मग इळी?" जयाबाईंनी विचारलं.

डॉक्टरांना वाटलं बाई चेष्टा करतात. पण त्यांना त्या वेळी दुसरं काही सुचतच नव्हतं. आमच्याकडं विळीला इळी म्हणतात आणि जयाबाईंचा सगळा संसार त्या इळीवर बसून झालेला. ओटा होता घरात, गॅस होता, पण चिरणं, निवडणं, खोवणं सगळं खाली. पाय दुमडून पाटावर दाबला, की पातं घट्ट उभं. मग वांगं असो नाहीतर मटण असो, समोरच्याशी गप्पा मारत, हाताकडं न बघता चालायचं काम.

ऑपरेशननंतर त्या बेळगावात, टिळकवाडीत लेकीकडं राहिल्या. माधवीनं काही कमी केलं नाही. पण त्या घरात जयाबाईंना आपण पाहुणे आहोत असं वाटायचं. पाणी प्यायला उठलं तरी लेक, जावई, नात तिघं धावायची. शेवटी त्यांनी हट्ट धरला, की मला निपाणीला सोडा. माधवी रडली, रागावली, आणि मग तिनं अट घातली.

"जा. पण दिवाळी झाली की पहिल्या रविवारी आम्ही जेवायला येणार. सगळा स्वयंपाक तू करायचास, एकटीनं, उभं राहून. मी बघणार. जमतंय असं दिसलं तर राहा खुशाल. नाही जमलं तर घराला कुलूप लावायचं आणि माझ्याबरोबर चलायचं. परत वाद नाही."

"व्हय," जयाबाई म्हणाल्या. त्या वेळी त्यांना वाटलं, ह्यात काय आहे!

माधवीनं येताना एक सुरी दिली. चांगली, काळ्या मुठीची, जड. बेळगावात दुकानं पालथी घालून आणलेली. एक नॉनस्टिकची कढईही दिली, हलकी, फुलासारखी. "आई, धार लई हाय हिला, जपून," एवढं बोलली आणि गेली.

आता बघा, इथं जयाबाईंनी काय केलं. सुरी उघडून बघितली. अंगठ्यानं पातं चाचपलं आणि अंगावर काटाच आला. इळीचं पातं धारदार असतं, पण ते एका जागी उभं असतं. ते काही उठून तुमच्या अंगावर येत नाही. ही तर हातात हलणारी, सुटणारी, कुठंही वळणारी. उभ्याउभ्या तोल गेला तर? गुडघ्यानं दगा दिला तर? बोट तुटून पडलं आणि लेकीला कळलं तर? त्यांनी विचार केला, भीती धारेची आहे ना, मग धारच नको. परड्यात गेल्या, धुण्याच्या दगडावर सुरी आडवी-उभी घासली आणि धार पार मोडून टाकली. लेकीनं निवडून आणलेल्या सुरीची! वर मनात म्हणाल्या, आता कशी शहाणी झाली.

शहाणी कुठली! टोमॅटो चिरायला घेतला तर चिरडून रस ओघळला. कांदा घेतला, सुरी सालीवर रुतेना. जोर लावला, तशी सुरी घसरली ती थेट डाव्या अंगठ्यावर. हळद भरली, चिंधी बांधली. दोन दिवसांनी त्याच्या शेजारचं बोट. मग तळवा. बोथट सुरीनं कापलं की जखम फाटते, भरून यायला वेळ लागतो. आणि भरून येईतो दुसरी. जयाबाई भाजी घ्यायला बाहेर पडल्या की डावा हात पदराखाली घ्यायच्या. माधवीचा व्हिडिओ कॉल आला की उजव्या हातात फोन आणि डावा हात चौकटीबाहेर.

"आई, काय केलंस आज?"

"केलं की. गवारीची भाजी."

गवार कसली, हातानं मोडता येते म्हणून रोज गवार आणि पालेभाजी चालली होती. दिवाळी जवळ येत होती आणि जयाबाईंची झोप उडाली होती. धार मोडलेली सुरीसुद्धा कापते, मग आपल्या हातातच खोट आली का? म्हातारपण म्हणतात ते हेच का? हा विचार एकदा डोक्यात शिरला की जेवण जाईना.

शेजारच्या अक्काताईपासून मात्र काही लपत नाही. तिनं पदर ओढला, हात बघितला आणि कपाळावर हात मारला.

"अगं बया बया! हे काय करून घेतलंस?"

जयाबाईंनी सगळं सांगितलं. दगडावर घासल्याचंसुद्धा. अक्काताई आधी पोट धरून हसली, मग म्हणाली, "जया, माधवी आल्या आल्या पयली सुरीच हातात घेणार. मास्तरीण हाय ती."

 हे जयाबाईंच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दोघी विनोदच्या भांड्यांच्या दुकानात गेल्या. हा विनोद तोंडानं फटकळ, पण गिऱ्हाइकाला खोटं सांगून माल गळ्यात मारणारा नाही. त्यानं सुरी उजेडात धरली.

"जयाआक्का, हिनं दगड फोडला काय?"

"अक्काताईनं नारळ फोडला," जयाबाई पटकन म्हणाल्या.

अक्काताई शेजारीच उभी! तिनं एकदा जयाबाईंकडं बघितलं आणि म्हणाली, "व्हय बाबा. मीच. येडी हाय मी."

"दाते पडलेत हिला. धारवाला बाजारादिवशी येतो, त्याच्याकडं दिली तर होईल सरळ."

आता बाजार माधवी येणार त्या रविवारनंतर. जयाबाईंनी सुरी त्याच्याकडून परत घेतली. "तसलीच दुसरी दे."

तसली नव्हती. विनोदनं होत्या त्या मांडल्या. रंगीबेरंगी मुठींच्या पातळ सुऱ्यांचा एक डबाच होता. त्यातली एक जयाबाईंनी उचलली, तर पातं बोटानं वाकलं. "ती पोरांच्या खेळातली," विनोद म्हणाला, "स्वस्त हाय म्हणून खपते. आक्का, पातं मुठीत शेवटपर्यंत गेलंय का ते बघा. ही बघा, मुठीच्या दोन्ही अंगाला पोलाद दिसतंय. हिची मूठ निखळायची न्हाय. आणि लांब घेऊ नका, वीतभर बास."

"पण धार?" जयाबाईंनी विचारलं. आवाज त्यांचा त्यांनाच बारीक वाटला. "कमी धारेची न्हाय?"

विनोदला काही कळेना. "कमी धारेची सुरी कशाला करतील, आक्का? बोथट सुरीला जोर लावावा लागतो. जोर लावला की ती सुटती. धारेची सुरी सांगितलं तिथंच जाती."

जयाबाईंना धुण्याचा दगड आठवला. रागच आला त्यांना, विनोदचा नव्हे, स्वतःचा. मग म्हणाल्या, "तांब्याभर पाणी दे."

त्यानं दिलं. त्यांना तहान नव्हती. त्यांनी उजवा तळवा भिजवला आणि एकेक सुरी ओल्या हातात घट्ट धरून बघितली. स्वयंपाकघरात बाईचा हात कोरडा असतो कधी? गुळगुळीत प्लास्टिकची मूठ हातात फिरली, ती बाजूला. स्टीलची चकचकीत मूठ तर माशासारखी निसटली. शेवटी लाकडी मुठीची एक हातात बसली. ना पुढं झुकत होती, ना मागं. चिरायला विनोदनं काचेचा पाट दाखवला, नक्षीदार. त्यावर सुरी ठेवली तर किर्र वाजली. अक्काताईच म्हणाली, "नको गं, दात आंबले." लाकडी फळी घेतली. खाली ओलं फडकं घालायचं म्हणजे सरकत नाही, असं विनोदनं सांगितलं.

कढईचंही दुखणं होतंच. माधवीची हलकी कढई ढवळताना गॅसवर गरगर फिरायची. दुसऱ्या हातानं धरावी, तर तो हात ओट्याला टेकवायला लागायचा, गुडघ्यांचा भरवसा नव्हता ना अजून. विनोदनं बिडाची कढई पुढं केली. जयाबाईंनी ती उचलली आणि कमरेपर्यंत आणताना पाय लटपटले. नको म्हणाल्या. मग जाड बुडाची, दोन्हीकडं कान असलेली स्टीलची घेतली. ढवळली तर जागची हलायची नाही आणि रिकामी एका हातानं उचलता यायची. बुडावर टिचकी मारून, आत हात फिरवून, कानांचे रिबिट हलवून बघून मगच घेतली. भांडी घेताना जयाबाईंना भीती वाटत नव्हती. ती घरी गेल्यावर ओट्याशी वाट बघत होती.

घरी फडकं ओलं केलं, फळी मांडली, कांदा घेतला, नवी सुरी धरली.  अक्काताई दारात उभी राहून बघत होती. जयाबाईंनी जीव मुठीत धरून कांदा चिरायला सुरुवात केली, आणि अक्काताई किंचाळली, "थांब! अगं, तू करायलीस काय?"

"चिरायलोय की!"

"सुरी हाय तिथंच धरलीस आणि कांदा तिच्यावर ढकलायलीस!"

जयाबाईंनी खाली बघितलं. खरंच. उजव्या हातात सुरी, धार अंगाकडं, खांबासारखी उभी. आणि डावा हात कांदा घेऊन त्या धारेवर निघालेला. पन्नासभर वर्षं पातं जागेवर उभं राहिलं आणि भाजीच हातात बसून पात्यापर्यंत गेली. हातांना दुसरं ठाऊकच नव्हतं. म्हणजे खोट हातात नव्हती, म्हातारपणात नव्हती. जयाबाई खुर्चीवर बसल्या आणि त्यांना रडूच आलं. अक्काताईला वाटलं कापलं.

"न्हाय गं," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "लई घाबरलेलो बघ मी."

मग त्यांनी हातांना नव्यानं शिकवायला घेतलं. कांदा अर्धा करून सपाट बाजू खाली टेकवायची. डावा हात त्यावर, बोटांची टोकं आत वळवलेली. आणि मोठ्यानं बोलायचं, आधी डाव्या हाताशी, मग उजव्याशी, पोरांना दटावल्यासारखं. "तू बस जाग्यावर. तू हल." चार दिवस गल्लीत प्रत्येकाच्या घरी चिरलेला कांदा गेला. लोक विचारायला लागले, जयाआक्का, काय कार्य हाय? कुठं जाड, कुठं बारीक, कुठं नुसता चेंदा. पण बोट कापलं नाही. जुन्या जखमा सुकत आल्या. जीव मात्र टांगणीलाच. एकटीनं चिरणं निराळं आणि लेक समोर उभी असताना चिरणं निराळं.

रविवार उजाडला. माधवी, जावई नागेंद्र आणि नात ऋतिका गाडीतून उतरली. जावई येणार म्हणून मटण. तांबडा रस्सा म्हणजे कांदा आला, लसूण आलं, आणि वाळलेलं खोबरं आलं. खोबऱ्याचा विचार करून जयाबाईंना पहाटेपासून घाम फुटला होता. वाटी वाकडी, कडक आणि गुळगुळीत. तिचा त्यांनी सराव केलाच नव्हता.

माधवीनं चप्पल काढली आणि सरळ स्वयंपाकघरात आली. ओट्यावरून नजर फिरवली.

"आई, माझी सुरी कुठाय?"

जयाबाईंनी आदल्या दिवशी उत्तरं जुळवून ठेवली होती. अक्काताईनं नेली, धार लावायला दिली, काय वाटेल ते. लेकीचं तोंड बघितलं आणि एकही उत्तर बाहेर येईना.

"मोडली मी धार तिची. दगडावर घासून. भ्या वाटलं म्हणून."

 माधवी रागावली असती तर बरं, असं जयाबाईंना झालं. ती दाराला टेकून उभी राहिली, हाताची घडी घालून, वर्गात मागं उभं राहावं तशी. "कर तू," म्हणाली.

जयाबाईंनी कांदा घेतला. जमला. लसूण पात्याच्या अंगानं चेचली, ती जमली. मग खोबऱ्याची वाटी फळीवर ठेवली आणि ती डुलायला लागली. पाठीमागं माधवीचा श्वास त्यांना ऐकू येत होता.  संपलं, असं वाटलं त्यांना. घराला कुलूप दिसलं. त्यांनी सुरी खाली ठेवली.

माधवी एक पाऊल पुढं आली.

जयाबाईंनी वरवंटा उचलला आणि वाटी एका दणक्यात फोडली. एकेक तुकडा सपाट बाजू खाली करून फळीवर बसवला, बोटं आत वळवली, आणि सावकाश, एकेक करत पातळ काप काढले. "तू बस जाग्यावर. तू हल." लेक ऐकतेय ह्याचंही भान राहिलं नाही. काप सगळे सारखे नव्हते. पण फळीवर रक्ताचा थेंब नव्हता. नव्या कढईत खोबरं भाजलं, कढई जागची हलली नाही. मग त्यांनी वळून बघितलं.

माधवी रडत होती.

"अगं, काय झालं? जमलं की मला!"

"जमलं," माधवी म्हणाली. "म्हणून तर." तिनं ओढणीनं तोंड पुसलं. "आई, मी वाट बघत होते. तुझं बोट कापावं म्हणून. थोडंसंच. म्हणजे तुला घेऊन जाता आलं असतं. आपल्या आईचं बोट कापावं असं वाटलं मला. कसली पोरगी मी!"

जयाबाईंनी गॅस बारीक केला.  "गप, जावई ऐकतील," एवढंच म्हणाल्या आणि लेकीच्या पाठीवरून हात फिरवला. रस्सा झाला, भाकऱ्या झाल्या. नागेंद्रनी दोनदा रस्सा मागून घेतला, ऋतिका तिखटानं नाक ओढत जेवली. अट पाळली गेली होती. कुलपाची गोष्ट कुणी काढली नाही. चहा घेऊन उन्हं कलायच्या आत गाडी निघाली.

जयाबाईंनी भांडी आवरली. जिंकलो, असं मनात म्हणून बघितलं. बरंही वाटलं. अंधारायला लागलं तशी नजर फोनकडं गेली. एव्हाना पोचायला पाहिजेत. हमरस्त्यावर ट्रकांची गर्दी असते रविवारची. त्यांनी दिवा लावला, फोन जवळ घेऊन बसल्या. फोन केला, तर नुसती रिंग वाजून थांबली. पुन्हा केला. तेच. घाटात काही झालं का? नागेंद्र जोरात तर चालवत नाहीत? ऋतिका मागच्या सीटवर पट्टा लावत नाही.  उठून दारात गेल्या, परत आत आल्या. अक्काताईला हाक मारावी म्हणून उंबरा ओलांडला, तेवढ्यात फोन वाजला.

"पोचलो गं आई. कधीच पोचलो. फोन पिशवीतच राहिला, विसरले बघ."

तोंडात शिवी आली होती जयाबाईंच्या. ती तोंडातच राहिली. भिंतीला धरून त्या खुर्चीवर टेकल्या. 

"आई? ऐकतेस ना?"

"माधे," त्या म्हणाल्या, "मी हिकडं एकटी असतो, तेव्हा तुला असं होतंय व्हय गं?"



"रोज, आई," माधवी म्हणाली.